‘सोड’ म्हणजे मूठ ढिली

सोमवार, ५ मे

आली एकदाची पोरं! अकरा यायची होती, दहाच आली. एकीला ताप आहे, बुधवारी पाठवते असं तिच्या आईनं दादाला कळवलंय. पागा दादाची, शिकवायचं काम माझं — बाबा गेल्यापासून आम्हा भावंडांत अशीच वाटणी आहे. तो पालकांशी गोड बोलतो, मी पोरांवर ओरडते.

पहिल्या दिवशी मी कुणालाच घोड्यावर बसवत नाही. खरारा करायला लावला, लीद उचलायला लावली. दोघांनी नाकं मुरडली, त्यांना मुद्दाम दोनदा उचलायला लावली. मग सगळ्यांना रिंगणाच्या कडेला बसवून आमचे शब्द शिकवले. ‘टाच’ म्हणजे टाच खाली. ‘थांब’ म्हणजे पाठ ताठ. आणि ‘सोड’ म्हणजे मूठ ढिली — लगाम टाकायचा नाही! बाबा आधी ‘मूठ जरा सैल सोड’ असं पूर्ण म्हणायचे. आम्ही शिकेपर्यंत त्याचं नुसतं ‘सोड’ झालं होतं. दुसऱ्या कुठल्या पागेत हा शब्द असा कोणी वापरत असेल असं वाटत नाही. दहाही जणांकडून तीन-तीनदा म्हणवून घेतला.

मंगळवार, ६ मे

गुडघे बोलतायत. सत्तेचाळिसाव्या वर्षी रिंगणात एवढं पळणं शोभत नाही म्हणे — इति वहिनी. मला दुसरं काही येतच नाही, हे तिला कोण सांगणार?

बुधवार, ७ मे

तापवाली आली. आठ वर्षांची, पण एवढीशी! डबे उघडेपर्यंत पोरांनी तिचं ‘मुंगी’ करून टाकलं होतं. तिलाही ते आवडलेलं दिसलं.

तिला मावशी दिली. मावशी आमची सगळ्यांत जुनी घोडी, एकोणीस वर्षांची, बाबांनी हातानं वाढवलेली शेवटची. पाठीवरचं पोर नीट बसलं नसेल तर ती जागची हलत नाही. मुंगी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि विचारलं, “मावशी, बसू का?” घोडीनं कान हलवला. “हो म्हणाली,” मुंगीनं मला कळवलं.

सांगितलं की ताबडतोब करते. ‘का’ नाही, ‘कशाला’ नाही. अशी पोर क्वचित मिळते. खूश आहे मी.

शुक्रवार, ९ मे



आज दुडकी चाल घेतली. मुंगी घाबरली आणि लगाम छातीशी घट्ट ओढून बसली. मावशीच्या तोंडाला काच बसत होता, ती मान झटकायला लागली. मी रिंगणाच्या मधोमध. ओरडले — “सोड! सोड!”

तिनं सोडलं. लगाम सोडला, खोगीर सोडलं, दोन्ही हात वर केले, पायसुद्धा रिकिबीतून काढून घेतले. सगळं. ताबडतोब.

मावशी थांबली. पोर तिच्या पुढच्या पायांशी पडलेली. घोडीनं एक खूर उचललेला होता, तो तिनं खाली टेकवलाच नाही. मी मुंगीला ओढून बाहेर काढेपर्यंत तशी तीन पायांवर उभी होती.

मनगट मोडलंय. दादा धावत आला, त्यानंच दवाखान्यात नेलं. तिची आई आली तेव्हा तिला म्हणाला, “घोडी बुजली हो. म्हातारी झालीये.” मी त्याच्या शेजारी उभी होते. मूग गिळून.

शनिवार, १० मे

शब्द सोमवारी शिकवले. मुंगी बुधवारी आली.

सोमवार, १२ मे

पालकांचे फोनवर फोन. दादा प्रत्येकाला तेच सांगतोय, “त्या घोडीला काढतोय आम्ही, काळजी करू नका.” रविवारी दलाल येणार आहे. तो म्हातारी जनावरं घेऊन जातो. कुठे, ते कोणी विचारत नाही. आम्हीही कधी विचारलं नाही.

मावशीला आज कुणी बाहेर काढलं नाही. मी खरारा करायला गेले तर नेहमीसारखी खांद्यावर हनुवटी ठेवून उभी राहिली. हिच्यापुढे मान वर करायची लाज वाटते.

खरं सांगायचं तर — आणि इथे नाही तर कुठे सांगणार? — मी भित्री आहे. माझ्या तोंडून चुकीचा शब्द गेला हे कळलं, तर कोणती आई मुलाला माझ्या हाती देईल? रिंगण गेलं की माझं उरतं काय? दादाकडे बसून भाज्या निवडायच्या? म्हणून गप्प आहे. घोडीला बोलता येत नाही, हे माझ्या पथ्यावर पडलंय.

बुधवार, १४ मे

आज एकदाही ‘सोड’ म्हणाले नाही. ‘मुठी ढिल्या करा, लगाम टाकू नका’ असं लांबलचक म्हणत राहिले. पोरं हसली. घसा बसला. जमतं की, म्हणजे!

गुरुवार, १५ मे

मुंगीला बघायला गेले. कोपरापर्यंत प्लास्टर, त्यावर तिनं स्वतःच घोडा काढलाय. पाच पाय असलेला. “हा पाचवा कुठला गं?” म्हटलं. “शेपटी आहे ती,” म्हणाली, जरा रागावूनच.

आई चहा टाकायला आत गेली. मुंगी माझ्याजवळ सरकली. हळूच म्हणाली, “ताई, मी बरोबर केलं ना? तुम्ही सोड म्हणालात आणि मी लग्गेच सोडलं. एकदम सगळं.”

शाबासकी हवी होती तिला.

“हो,” म्हटलं. “बरोबर केलंस.”

“मग मावशी बुजली असं सगळे का म्हणतात? ती तर थांबली होती.”

तेवढ्यात चहा आला. आई म्हणाली, “तुम्ही आवर्जून आलात, बरं वाटलं.” मी कप तोंडाला लावला. सांगायला याहून सोपी वेळ मिळाली नसती. चहा फार गोड झालाय, असं काहीतरी बोलले आणि उठले.

आठ वर्षांच्या मुलीला सत्य ठाऊक आहे, ते सत्य आहे हे तेवढं तिला ठाऊक नाही. ते कुणी सांगायचं? थू माझ्यावर!

शनिवार, १७ मे

दादाला सांगितलं.

खोगिराला तेल लावत बसला होता. मी उभ्या-उभ्याच सगळं बोलून टाकलं. सोमवारचा धडा, बुधवारची मुंगी, माझी हाक. त्याचं फडकं थांबलं नाही.

“माहितीये,” म्हणाला.

“काय माहितीये?”

“कुंपणापाशीच होतो मी. ऐकलं ना! आणि तो शब्द मलाही बाबांनीच शिकवलाय. पोरीनं हात वर केले तेव्हाच कळलं काय झालं ते.”

“मग घोडी बुजली कशाला म्हणालास?”

तेव्हा कुठे त्यानं वर बघितलं. “घोडीची एक-दोन वर्षं राहिलीयेत. तुला अजून बरीच काढायचीयेत. कुणाला वाचवायचं होतं मी?”

मला रडू आलं. त्याचा राग यायला हवा होता, तो येईना. बहिणीसाठीच केलंय त्यानं. बाबांची घोडी देऊन टाकतोय, आणि ते त्याच्याही जिवावर आलंय — तेच खोगीर तो तासभर पुसत होता, मावशीचं.

“सोड आता तो विषय,” म्हणाला. मी मुकाट आत आले. त्याचं असं ऐकायची सवयच आहे मला.

रविवार, १८ मे

सकाळी मुंगीच्या आईला फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी फोन ठेवला. उरलेल्या पालकांनाही एकेक करून सांगितलं. उद्यापासून रिंगणात दादा उभा राहील.

दलाल टेम्पो घेऊन आला तेव्हा मावशीचा दोर माझ्या हातात होता. दादा म्हणाला, “सोड.”

नाही सोडला.