अनेस्तिसवर माझी पाळत

३ मार्च, सोमवार

आजपासून ईस्टरपर्यंत उपवास. मांस, दूध, अंडी बंद. माझी बायको ओलिंपिया म्हणाली, त्यापेक्षा अनेस्तिसचं नाव घेणं बंद कर, घरात शांतता तरी नांदेल. मी म्हटलं, मला त्याच्याबद्दल काहीच वाटत नाही. तिने तिळाच्या हलव्याची बशी पुढे सरकवली.

खरंच काही वाटत नाही. ग्रीसमधल्या या कावाला शहरात मी बावीस वर्षं कुलपं उघडतोय. घराचं दार, ऑफिसचं कपाट, तिजोरी, काय म्हणाल ते. आणि हा गेल्या उन्हाळ्यात कुठून तरी उपटला. ना दुकान, ना पाटी. एक निळी व्हॅन आणि दारोदार चिकटवलेले स्टिकर. गेल्या महिन्यात औषधवाल्याची तिजोरी उघडली म्हणे, एक ओरखडा न उमटवता. कॉफीच्या अड्ड्यावर दुसरा विषय नाही. अहो, ओरखडाच नाही तर काम केल्याचा पुरावा काय? मी ड्रिल लावतो. भोक पडतं. पैसे कशाचे दिले ते गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसतं.

संकल्प: उपवास कडक. अनेस्तिस हा विषय बंद.

येता येता आज पुन्हा आपल्या गल्लीतल्या सगळ्या दारांवरचे त्याचे स्टिकर खरवडून काढले. शहर स्वच्छ ठेवणं प्रत्येकाचं काम आहे.

५ मार्च, बुधवार

शेजारच्या द्रामा गावाहून मेहुण्याचा फोन. त्याच्या रंगाच्या दुकानात काउंटरवर माणूस हवाय. ओलिंपियाने सरळ सांगितलं, ईस्टरनंतरच्या रविवारपर्यंत तुझ्या दुकानाची घडी बसली नाही तर मी त्याला हो म्हणून कळवणार. रोज बसने जायचं आणि डबे विकायचे. मी, थेमिस्तोक्लिस, रंगाचे डबे विकणार!

म्हटलं, अडचण एकच आहे, अनेस्तिस. तो कसा उघडतो एवढं कळलं की मिटलं. ती म्हणाली, विषय बंद होता ना? म्हटलं, हा विषय नाही, रिसर्च आहे.

११ मार्च, मंगळवार

रिसर्चला सुरुवात. ओलिंपियाच्या झाफिरोमावशीला विश्वासात घेतलं. म्हणजे काही सांगितलं नाही, नुसती तिच्या दाराच्या कुलपात काडी मोडून ठेवली. दोन मिनिटांत कुलूप ठार. ही सफाई अनेस्तिसला सात जन्मांत जमायची नाही. मग मावशीचा शेजारी म्हणून आवाज बदलून त्याला फोन केला. खरवडलेला एक स्टिकर खिशात होताच.

फोन ठेवतो न ठेवतो तोच हजर. इतकं काम असलेला माणूस इतक्या लवकर येतो कसा, हेच गूढ.

मी वरच्या मजल्याच्या कठड्याआड. तो गुडघ्यावर बसला, तोंडाने काहीतरी गुणगुणला, दार उघडलं. मग मावशीकडे कॉफी प्यायला आणि जाताना तिचा गळका नळ बसवून दिला, फुकट. लोचट कुठला. मावशी नंतर मला म्हणाली, काय सोन्यासारखा मुलगा आहे रे, नाहीतर तू! मागे आलास तर माझ्या दाराची पार चाळण करून गेलास. पैसे मात्र मलाच द्यावे लागले, कारण कुलपातून निघालेली काडी माझीच, हे मावशीने ओळखलं.

निष्कर्ष: रहस्य गुणगुणण्यात आहे. उद्यापासून सराव.

१९ मार्च, बुधवार

पान्देलिस न्हाव्याची मागच्या खोलीतली तिजोरी. उघडायचे आकडे मीच बदलून ठेवले. खर्च माझा, हे पान्देलिसला मान्य. आरशातून सगळं स्वच्छ दिसत होतं. अनेस्तिसने डोळे मिटले, बोटांनी चकती हळूहळू फिरवली, उघडलं. पान्देलिस अर्धी दाढी तशीच सोडून टाळ्या वाजवायला लागला. दाढी माझी होती.

निष्कर्ष: डोळे मिटणं. दुकानात करून पाहिलं. डोळे मिटून ड्रिल चालवणं अवघड आहे. अंगठ्याला पट्टी.

२५ मार्च, मंगळवार

सणाचा दिवस. आज मासा चालतो. ओलिंपियाने कॉड तळला, लसणाची चटणी केली. घास तोंडात घालतो तोच खिडकीखालून निळी व्हॅन गेली. काटा घशात अडकला. ओलिंपियाने पाठीत धपाटे घातले, जरा जास्तच जोरात.

सणासुदीलाही काम! माझ्याकडे या महिन्यात एक सायकलवाला आला, तोही पत्ता विचारायला. मला हेवा वाटत नाही. मला फक्त तो नसावा असं वाटतं.

(रात्री आठवलं, पान्देलिसच्या गल्ल्याचं कुलूप बघायला आज मीच त्याला बोलावलं होतं. तरीपण.)

२ एप्रिल, बुधवार

आजचा फोन म्हाताऱ्याच्या आवाजात. माझाच आवाज मला इतका आवडला की थोडा वेळ हवापाण्यावरही बोललो. अनेस्तिस म्हणाला, आजोबा, तुम्ही बसून राहा, मी पोचतोच.

ईस्टरच्या कोकरासाठी बाजूला ठेवलेले पैसे दिसत नाहीत म्हणून ओलिंपियाने विचारलं. सगळं समजावून सांगितलं. तिने बोटांवर हिशोब केला. मग म्हणाली, म्हणजे त्याला पैसे कसे मिळतात हे कळावं म्हणून तूच त्याला पैसे देतोस?

बायकांना संशोधन कळत नाही.

निष्कर्ष: तो बूट काढून काम करतो. हे आजवर कसं नजरेतून सुटलं?

९ एप्रिल, बुधवार

अड्ड्यावर म्हणतात, अनेस्तिस आपल्या गल्लीतून हलतच नाही, सारखा दिसतो. पान्देलिस म्हणाला, माणसाला मागणी आहे बाबा. मी कॉफी अर्धी टाकून उठलो. पोटात दुखत होतं. उपवासाने असेल.

१४ एप्रिल, सोमवार

माझे दिवस पालटले! मारिआन्थीबाई स्वतः दुकानात आली. तिचा नवरा गेल्या हिवाळ्यात गेला. तंबाखूच्या वखारीतली जुनी लोखंडी तिजोरी त्याने घरी आणून ठेवली होती, तिचे आकडे त्याच्याबरोबरच गेले. आत सोन्याचा क्रूस आहे. घरातल्या प्रत्येक मुलाच्या बाप्तिस्म्याला तोच घालतात. नातवाचा बाप्तिस्मा ईस्टरनंतरच्या रविवारी.

बाई म्हणाली, थेमिस, माझा नवरा तुझ्याबरोबर सोंगट्यांचा पट खेळायचा, म्हणून तुझ्याकडे आले. लोक दुसऱ्याचं नाव सांगत होते. पण तो म्हणायचा, थेमिस मनाचा चांगला आहे, खेळताना तेवढी त्याला घाई असते.

शब्द दिला: एक ओरखडा उठणार नाही.

ओलिंपियाला सांगितलं. ती म्हणाली, हे एक काम नीट कर. भावाला मी अजून काही कळवलेलं नाही, आणि मलाही कुठे आवडणार आहे तू रोज रंगात माखून आलेला. मग माझ्या कॉलरवरचा धागा तिने काढून टाकला. असं तिने फार दिवसांत केलं नव्हतं.

२२ एप्रिल, मंगळवार

मारिआन्थीबाईचं सगळं घर खुर्च्या मांडून बसलेलं. मी बूट काढले. डोळे मिटले. गुणगुणलो. कॉफी प्यायलो. पुन्हा गुणगुणलो. बाईच्या मुलीने आईला हळूच विचारलं, हे प्रार्थना करताहेत का?

दुपार झाली. तिजोरी ढिम्म. तेवढ्यात जावई म्हणाला, तो निळ्या व्हॅनवाला बोलावू या का? त्याला म्हणे जास्तीत जास्त एक कॉफी पिण्याएवढा वेळ लागतो.

मग मी ड्रिल काढलं.

भोक सुंदर पडलं. आतून बारीकसा खळ्ळ आवाज आला. या तिजोऱ्यांच्या दारात काचेची पट्टी असते. ती फुटली की चोर आला असं समजून तिजोरी आतून आणखी अडसर टाकते. पट्टी असते हे मला ठाऊक होतं. जागा तेवढी चुकली. चार अडसर ठक ठक पडलेले सगळ्यांनी ऐकले. आता खरा आकडा लावला तरी ती उघडणार नाही.

मारिआन्थीबाई रागावली नाही. नुसतं म्हणाली, घाई केलीस रे. मला मान वर करवेना.

फोन जावयाने लावला. या वेळी मी नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

अनेस्तिस काल सकाळपासून खपत होता. आज संध्याकाळी उघडलं. क्रूस सुखरूप. जावयाने माझ्या भोकाबद्दल विचारलं तर म्हणाला, उस्तादांचं भोक इथे होतं म्हणून मला आत बघता आलं, नाहीतर कठीण होतं.

खोटं आहे, ते त्यालाही माहीत आणि मलाही. त्याचा राग यावा म्हटलं तर हा माणूस तेवढीही सोय ठेवत नाही.

२७ एप्रिल, रविवार

बाप्तिस्मा झाला. पोरगं क्रूस चावत होतं. जेवणाला अनेस्तिस आमच्याच टेबलावर, ओलिंपियाच्या शेजारी. दोन ग्लास कडक त्सिपुरो दारू पोटात गेल्यावर बोलायला लागला.

म्हणाला, उस्ताद, तुम्हाला म्हणून सांगतो, फेब्रुवारीत मी सामान बांधलं होतं. जर्मनीत, स्टुटगार्टला चुलतभावाच्या हॉटेलात भांडी घासायला जाणार होतो. औषधवाल्याचं ते एक काम, बाकी अख्खा हिवाळा फोन नाही. स्टिकर लावावे तर कुणीतरी हरामखोर खरवडून टाकायचा. आणि मग मार्चमध्ये तुमच्या गल्लीतून फोन सुरू झाले. एक संपला की दुसरा! तिकीट रद्द केलं. या गल्लीने मला जगवलं, उस्ताद.

ओलिंपियाने काटा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. मी ऑलिव्ह मोजत होतो.

पुढे म्हणाला, आता मला दुकान हवं, आणि फोन घ्यायला विश्वासाचा माणूस. दुकान तुमच्याकडे आहे. मी बाहेरची कामं करतो, तुम्ही फोन घ्या. अर्धं तुमचं, अर्धं माझं.

मी मोठ्या मनाने होकार दिला. शेवटी त्याला घडवला मीच. ओलिंपियाने तिथूनच भावाला फोन करून नाही कळवलं. त्याने लगेच दुसरा माणूस पक्का केला.

५ मे, सोमवार

पहिला दिवस. नवी पाटी, दोघांची नावं, त्याचं वर. फोन टेबलावर, मी टेबलाशी.

सकाळी फोन नाही. अनेस्तिस म्हणाला, सोमवार आहे. दुपारी ओलिंपिया डबा घेऊन आली. फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डबा ठेवून गेली.

संध्याकाळचे साडेसहा. एकही फोन नाही. अनेस्तिस दारात उभा राहून रस्ता बघतोय. म्हणतो, नवल आहे उस्ताद, ही गल्ली अशी कधीच नव्हती.

कोपऱ्यावर जाऊन म्हाताऱ्याच्या आवाजात एक फोन करावा, असं मनात आलं. पण इथे फोन उचलणाराही मीच.