भीती उतरत नाही

४ जानेवारी १९८७, आसगाव
पोचले एकदाची! तुमसरहून पहाटेची एसटी, पवनीला दुसरी, आणि उतरल्यावर ट्रंक कुणी उचलायची यावरून दोन आजोबांचं भांडण. शेवटी मीच उचलली. दवाखान्यामागची खोली झकास आहे. खिडकीतून धानाच्या बांध्या दिसतात. धान कापून झालं, आता तिथं लाखोरीची डाळ निळी फुललीय. नर्स म्हणून स्वतःच्या जबाबदारीची ही पहिलीच नोकरी. डॉक्टर गभणे फार हळू बोलतात. शेजारच्या जनाबाईंनी भात आणि लाखोरीच्या कोवळ्या पानांची भाजी आणून दिली. मी दोनदा घेतली.

७ जानेवारी
काम समजलं. गांजाबंदीचा कायदा झाला तरी चिलीम सुटत नाही, अशी आठ माणसं डॉक्टरांनी निवडली आहेत. त्यांना रोज सकाळी माझ्यासमोर एक पांढरी गोळी गिळायला लावायची, वजन आणि नाडी लिहून ठेवायची. गोळ्या नागपूरहून कुणीतरी पाठवतं, बाजारात अजून नाहीत. डॉक्टरांचा कयास असा की शरीर स्वतःही गांजासारखं काहीतरी थोडं थोडं तयार करतं, आणि ते जिथे लागू पडतं त्या मेंदूतल्या जागेला ही गोळी कुलूप घालते. मग चिलीम ओढली तरी चढत नाही. मी विचारलं, मग शरीराचं स्वतःचं जे आहे, त्याचं काय? ते हसले. तेच तर बघायचंय, म्हणाले.
जनाबाईंचा नवरा तुलाराम सगळ्यात आधी रांगेत उभा होता.

१५ जानेवारी
आठांतल्या सात जणांची चिलीम सुटली! जनाबाईंनी माझी दृष्ट काढली. फक्त वजनं उतरताहेत, तुलारामचं तर दोन किलो. भात तोंडात मातीसारखा लागतो म्हणाला. गेल्या रविवारी त्याचा बैल बिथरून अंगावर आला होता. शिंग पोटाजवळून गेलं, खरचटलंही नाही.

१९ जानेवारी
तुलारामची नाडी एकशे तीस. सारखा मागे वळून बघत होता. मी म्हटलं, बैलाला आठवडा झाला, आता काय त्याचं?
"बाई, तो बैल अजून येऊनच राहिला," तो म्हणाला.
मी समजावलं की भीती हळूहळू उतरते. त्यानं माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "कवा?"

२१ जानेवारी
फक्त तुलाराम नाही. चिंधूला दहा दिवसांपूर्वी साप दिसला होता, तो पाय खाली टेकवत नाही. भैय्यालालच्या घरी कढई पडली, तेव्हापासून तो कानांवर हात घेऊन बसलाय. डॉक्टरांना सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, म्हणजे माणसाची भीती निवते ती शरीरातल्या त्या गांजासारख्या गोष्टीमुळेच, आणि आपण तेच बंद केलं. मग वहीत भराभर लिहायला लागले. गोळ्या थांबवूया म्हटलं, तर आणखी आठवडाभर, म्हणाले.

२२ जानेवारी
माणसं गोळी घेईनात. डॉक्टरांनी सुचवलं की मी त्यांच्यादेखत एक गिळून दाखवावी, एका गोळीनं काही होत नाही. गिळली. कडू लागली. मग त्यांनीही घेतल्या. माझ्यावर विश्वास ठेवून.

२४ जानेवारी
मी गिळल्याशिवाय ते घेत नाहीत, म्हणून रोज एक गिळते आहे. जेवण नको वाटतं. सकाळी हातातून सुयांचा डबा निसटला आणि दचकले. संध्याकाळ झाली तरी ते दचकणं तसंच आहे.

२६ जानेवारी
शाळेत झेंडावंदनाला फटाका फुटला. डबा अजून पडतोय, त्यावर हा फटाका. एक गेल्यावर दुसरं येत नाही, सगळं एकदम. डॉक्टर वह्या घेऊन नागपूरला गेले. परत कधी येणार ते सांगितलं नाही. मी उरलेल्या गोळ्या गावामागच्या बोडीच्या तळ्यात टाकल्या.

२८ जानेवारी
दोन दिवस गोळी नाही. कुलूप उघडत नाही. मांजर, दाराची कडी, माझीच सावली — सगळं आत जमून बसलंय.
जनाबाई आल्या. त्यांना बघून मी किंचाळले. त्या रडत होत्या. "काय देलं तुमी त्यायले? काहून देलं?"
आठही जण दोन दिवसांपासून खळ्यावर बसलेत म्हणाल्या. भर उन्हात, पाठीला पाठ लावून, तोंडं बाहेर. मागून काही येऊ नये म्हणून. पाणीसुद्धा घेत नाहीत.

२९ जानेवारी
पाणी घेऊन गेले. घेतलं नाही. चिंधूनं सरकून जागा केली.
परत आले. खोलीत माझ्या मागे भिंत आहे. पण भिंतीच्या मागे —

३० — दुपार
खळ्यावर आहे. वही मांडीवर. बसले मध्ये, तुलारामच्या पाठीला पाठ लावून. बरं वाटलं. पहिल्यांदाच. मागून काही येणार नाही.
ऊन कडक. जनाबाई लांबून हाका मारताहेत. नवऱ्याचं नाव घेऊन. तो हलत नाही.
त्याची पाठ गार आहे. एवढ्या उन्हात गार —
श्वास नाही. कधीपासून, माहीत नाही. जनाबाईंना सांगायला हवं, उठायला हवं. पण उठले तर माझी पाठ उघडी