सव्वीस नंबर माझ्या हातून पडलं

तीर्थस्वरूप मामांस,

क्वान-थिंगचा वाकून नमस्कार. (पाठीला डॉक्टरांचा पट्टा आहे, त्यामुळे सध्या मनातच वाकलो आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींच्या मुळ्याच्या वड्या यंदा जमल्या का? तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. "त्या पोराचं नाव माझ्यापुढे काढू नकोस," असं तुम्ही म्हणालात, हे आईने मला सांगितलं. बरोबरच आहे तुमचं. माझं नाव मलाही सध्या ऐकवत नाही.

सव्वीस नंबर विमान हवाई दलाच्या तळावर नवंकोरं आलं तेव्हा पहिलं उड्डाण तुम्ही केलंत. आमच्या बैठकीच्या खोलीत त्याचा फोटो माझ्या फोटोआधी लागला (आणि माझ्यापेक्षा मोठा आहे). पुढचं चाक उघडेना तेव्हा तुम्ही ते नाकावर घसरवत उतरवलंत. तुफानात हँगरचं छप्पर त्याच्यावर कोसळलं, तरी डागडुजी होऊन ते पुन्हा समुद्रावर गस्तीला गेलं. तुमच्यानंतर किती जणांच्या हाताखालून गेलं, पण प्रत्येकाने ते धडधाकट परत आणलं. आता त्याच्या निवृत्तीला आठवडा उरलेला, तुम्ही शाळेसमोर त्याच्यासाठी चौथरा बांधून घेतलेला, गावप्रमुखांचं भाषण पाठ झालेलं, आणि शेवटच्या उड्डाणाला वैमानिक कोण, तर तुमचा भाचा. हा मान मी साहेबांच्या मागे लागून मिळवला होता, हे लिहिताना कान गरम होतात.

आता पाकिटाचं सांगतो, कारण ते कुणीतरी तुम्हाला सांगणारच. यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून मेकॅनिकांच्या अवजारांच्या कपाटावर नारळाच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलेलं असतं (त्या कुरकुऱ्यांच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग'). ते खायचं नसतं, हे बालवाडीतल्या मुलालाही कळतं. त्या सकाळी मी न्याहारी न करता आलो होतो. (पुढचं लिहीत नाही.) चौकशी समिती म्हणते, इंजिनातलं पातं म्हातारपणाने तुटलं. तळावर मात्र पात्याचा विषय कुणी काढतच नाही. आमचे मुख्य मेकॅनिक आ-शुईदादा दवाखान्यात भेटायला आले आणि जाताना म्हणाले, "खाल्लंस ते खाल्लंस रे, निदान जागेवर दुसरं तरी ठेवायचंस." मग सलाइनच्या दांडीला एक हिरवं पाकीट बांधून गेले. मी चार वर्षं इंजिनांचा अभ्यास केला आहे, मामा. तरी त्या पाकिटाला मी हात लावलेला नाही.

डोंगर ओलांडल्यावर इंजिन बंद पडलं. दोनदा चालू करून पाहिलं, झालं नाही. खाली वस्ती होती. विमान वळवून बागांकडे नेलं आणि बऱ्याच उशिरा, वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीची कडी ओढली. सव्वीस नंबर सीताफळाच्या बागेत पडलं. मी शेजारच्या बागेत, एका झाडावर हवाई छत्रीसकट लटकलो. बागेची मालकीण ग्वोआजी हातात छाटणीची कात्री घेऊन आली. पलीकडे तिचीच झाडं पेटलेली, आणि ती मला म्हणते, "पाय हलवू नकोस मेल्या, ती फांदी यंदाच धरलीय." मग तिने छत्रीच्या दोऱ्या कापल्या, रुग्णवाहिका येईपर्यंत मला स्वयंपाकघरात नेलं आणि संकट टळल्यावर खातात त्या डुकराच्या पायाच्या शेवया समोर ठेवल्या. ज्याने हिची बाग जाळली त्याला ही वाढते आहे, म्हणून मी वाटी बाजूला सारली. तर म्हणाली, "झाडं पुन्हा लावता येतात. खा, नाहीतर अपशकुन माझ्या घरात राहील." मी दोन वाट्या खाल्ल्या. त्याचीही लाज वाटते.

पेपरात आलं ते तुम्ही वाचलंच असेल: वस्ती वाचवण्यासाठी तरुण वैमानिक अखेरच्या क्षणापर्यंत थांबला. साहेबांनी शाबासकी दिली, आई शेजाऱ्यांना कात्रण दाखवत फिरते आहे. चौथऱ्यावर आता काय ठेवायचं, ते तुम्ही ठरवाल तसं.

मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा नालायक भाचा,
क्वान-थिंग

ता. क. पाठीमुळे मला यापुढे उडता येणार नाही, असं मी साहेबांना कळवलं आहे. पाठ तशी बरी आहे. पट्टा निघाला की उडता येईल, असं डॉक्टरही म्हणतात.

ता. क. २. पेपरातलं खरं नाही. घरं केव्हाच मागे पडली होती, खाली नुसती झाडं होती. तरीही हात कडीकडे जाईना. मामांना कोणत्या तोंडाने सांगू, हाच विचार डोक्यात, आणि झाडं मोठी होत चाललेली. सांगण्यापेक्षा बसून राहणं सोपं वाटलं. मग हात कसा हलला ते मला माहीत नाही. हे आईला सांगू नका. सगळे मला शूर म्हणतात, त्याने काही होत नाही. तुमच्या विमानातून मी उडी मारली ते बरं केलं, एवढं तुम्ही एकदा म्हणा. रागावून म्हणालात तरी चालेल.