वर्षाराणीचं देवक

नांदेड, दि. ९ नोव्हेंबर २०२५, रविवार, सकाळी ६.४०

ती. कस्तुराआत्यास सत्यमचा कृ. शि. सा. न. वि. वि.

खोलीत बसून लिहीत आहे. गाळून ठेवलेला चहा निवला. आधीची तीन पानं फाडली.

आत्या, २३ तारखेला वर्षाराणीची ओटी भरायला येते, असं तू लिहिलंस. येऊ नकोस. वर्षाराणी नावाची मुलगीच नाही. तिचे भोकरचे वडील नाहीत, तिची शिलाई मशीन नाही. गोदावरीच्या घाटावरही मी एकटाच गेलो होतो. गुढीपाडव्याला मला सुट्टी मिळाली नाही, आणि तू दर पत्रात विचारायचीस, एकटाच जेवतोस का? तुला घोर नको म्हणून लिहिलं, की एक मुलगी डबा देते. मग तू तिचं नाव विचारलंस, मग गाव, मग देवक. पुढं चूक होऊ नये म्हणून प्रत्येक उत्तर मी वहीत उतरवून ठेवलं.

तुझ्या गोष्टीतला राजपुत्र बांगड्या भरून माळीण व्हायचा आणि महालात शिरायचा. सोंग उघडं पडलं की राजकन्या हसायची. माझ्या सोंगाला हसायलाही समोर कोणी नाही. झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर लोकांचे कागद लावतो, पण माझ्याशी दोन वाक्यं कोणी बोलत नाही.

रागव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा
सत्यम


उदगीर, दि. १४ नोव्हेंबर

चि. सत्यमला अ. उ. आ.

अरे येड्या, मला आषाढातच कळलं. तू पोरीचं देवक पंचपल्लव लिहिलंस. आपलं बी तेच. एका देवकात सोयरीक होत न्हाई, ती तुझी बहीणच लागली की! खऱ्या बापानं आधी हेच विचारलं असतं. एवढी वही ठेवलीस अन् देवक घरचंच दिलंस. लई हसले मी. एकटीच.

मग ओटीचं कशाला लिहिलं, म्हणशील. तू आपल्या तोंडानं सांगावंस म्हून.

आता माझं ऐक. आपला आदिनाथ अन् सूनबाई माझ्याजवळ न्हाईत. दोन साल झाले, लातूरला राहायलेत. मीच म्हणले, जा. नातू मांडीवरून उतरत न्हाई असं तुला लिहायची, तो शेजारच्या शांतम्माचा नातू. खरं लिहिलं असतं तर तू काम सोडून इथं येऊन बसला असतास.

तरी २३ ला मी येतेच. पोरगी बघायला न्हाई, तुला बघायला. दुपारच्या एस.टी.नं येईन. स्टँडवर लांबून हाका मारू नको, मला आता ऐकू येत न्हाई. फोन घेत न्हाई ते त्याच्यामुळंच. समोर येऊन उभा राहा.

तुझी आत्या
कस्तुराबाई