शिडी धरणारा उमेदवार

३ जून
कॉलेजचं पत्र आलं. मानसशास्त्र विभाग. मुलाखत २१ तारखेला सकाळी अकराला. उमेदवारांनी साडेनऊला हजर राहावं.
पाकिटाची कड सुरकुतलेली होती. कुणीतरी वाफेवर उघडून पुन्हा चिकटवलं आहे. आईला विचारलं. ती म्हणाली, पोस्टमनने दाराच्या फटीतून कोंबलं, दुसरं काय. उत्तर फारच तयार होतं.
बाबांची अट: प्रवेश मिळाला तर शिक, नाहीतर एक जुलैपासून आपल्या कुलूप-किल्ल्यांच्या दुकानात बस. त्यांना काय कळणार. मला माणसं वाचता येतात. विभागाला असाच माणूस हवा असतो.
उद्यापासून पाचला उठणे.

४ जून. सकाळी ९.४०
उठलो. गजराचं घड्याळ उशाशी ठेवलं होतं, ते टेबलावर सापडलं. हलवलं कुणी?

६ जून
ताई त्याच विभागात तीन वर्षं शिकली. म्हणाली, बस समोर, मी प्रश्न विचारते, सराव होईल. नको म्हणालो. माझी उत्तरं तिला कशाला हवीत? मग म्हणाली, बरं बाबा, एवढं तरी ऐक. विचारतील तेवढंच सांग, येत नसेल तर येत नाही म्हण. कुणी खात नाही तिथे.
इतका साधा सल्ला कुणी फुकट देत नाही. कुठंतरी पाणी मुरतंय.

९ जून
बारा उत्तरं लिहून काढायचं ठरवलं. पहिलं: मला मानसशास्त्रच का शिकायचं आहे. अर्धं झालं.
जिन्यात वरच्या मजल्यावरचा चष्मेवाला भेटला. त्याचीही मुलाखत त्याच दिवशी. तयारी कशी काय, म्हणाला. मी म्हणालो, कसली तयारी? त्याने आपणहून सांगितलं की त्याची काहीच झालेली नाही. म्हणजे पूर्ण झालेली आहे.
कागद खणात ठेवून कुलूप लावलं. किल्ली अशा जागी ठेवली की कुणाला सापडणार नाही.

१२ जून
किल्ली सापडत नाही.
नाइलाजाने बाबांना सांगितलं. त्यांनी एक तार घेतली. मी मनात दहा मोजायला घेतले, नऊवर खण उघडला. म्हणाले, कुलूप भल्या माणसासाठी असतं रे. चोराला ते फक्त पत्ता सांगतं. मग कागद उलटसुलट करून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, एवढंच?
म्हणजे वाचला. या घरात काही सुरक्षित नाही. अभ्यास तीन दिवस तहकूब. सगळ्यांवर पाळत.

१५ जून
कॉलेजची पाहणी केली. विभागाच्या बोळात एक वायरमन शिडीवर चढून ट्यूब बदलत होता. कुणाला भेटायचंय, म्हणाला. मी म्हणालो, सहज आलोय. त्याच्या खिशाला पेन होतं. वायरमनला पेन कशाला?
घरी येऊन पत्र पुन्हा वाचलं. मुलाखत अकराला, हजेरी साडेनऊला. मधला दीड तास कशासाठी? डोक्यात लख्ख उजाडलं. हे मानसशास्त्रवाले. खरी मुलाखत बाहेर घेतात, नकळत. आत बसलेले नुसते सह्यांचे धनी.
कुणाला सांगितलेलं नाही.

१८ जून
नवी पद्धत. बारा उत्तरं रद्द. (साडेअकरा लिहायची राहिली होती, तीही रद्द.) तासभर खिडकीपाशी स्वाभाविक उभं राहण्याचा सराव केला. आईने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

२० जून
ताईने न सांगता माझ्या शर्टाला इस्त्री केली. खिसे तपासले. काही नव्हतं.
म्हणाली, भीती वाटतेय का रे? वाटू दे. माझाही दारापाशी पाय उचलत नव्हता. मी हसलो. मला खचवायचा प्रयत्न होता. हाणून पाडला.

२१ जून. दुपारी २
फत्ते.
अपेक्षेप्रमाणे वायरमन शिडीवर हजर. चष्मेवाला बाकावर बसून बोटं मोडत होता. बिचारा. मी सरळ शिडीपाशी गेलो आणि मला मानसशास्त्रच का शिकायचं आहे ते अर्धं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला, बरं. शिडी धर जरा, डुगडुगतेय.
जबाबदारीची चाचणी. ओळखली. तीन ट्यूब होईपर्यंत शिडी सोडली नाही.
मध्येच एक बाई हातात यादी घेऊन बाहेर आल्या. कुणा उमेदवाराची आई असणार, टेहळणीला आलेली. तू मुलाखतीला आलायस का, म्हणाल्या. मी थंडपणे म्हणालो, नाही, मी यांच्याबरोबर आहे. शिडीवरून खोकला ऐकू आला. पसंतीचा.
माझं नाव शेवटपर्यंत पुकारलंच नाही. गरज पडली नसावी. निघताना वायरमनने पाठीवर थाप मारली. निवड पक्की.

२७ जून
यादी लागली. चष्मेवाला चौथा. माझ्या नावापुढे लिहिलंय: गैरहजर.
हा उघड डाव आहे. तक्रार अर्ज लिहायला घेतला. अर्धा झाला. साक्षीदार: वायरमन.

१ जुलै
दुकानात बसलो. दुपारी ताई डबा घेऊन आली, आणि तिच्या मागोमाग माझा साक्षीदार. कॉलेजातल्या मीटरच्या पेटीची किल्ली हरवली होती, कुलूप तो घेऊनच आला होता. मला बघून ओरडलाच, अरे, शिडीवाले! मग बाबांना हसत हसत सगळं सांगितलं. आतून याला दोनदा हाक मारली. मी वरून म्हणतोय, जा लेका, पडत नाही मी. हा सोडेल तर शपथ. शेवटी विभागाच्या मुख्य बाई स्वतः उठून आल्या, तर म्हणतो कसा, मी यांच्याबरोबर आहे! शिडी आधी नुसती डुगडुगत होती, याने धरल्यावर नाचायला लागली.
कुलपाचं भोक दाखवायला त्याने खिशातलं पेन काढलं. ते पेन नव्हतं. तारेत वीज आहे का बघायचा टेस्टर होता.
बाबांची कानस थांबली नाही. तो कुलूप ठेवून गेल्यावर ताईने डबा उघडता उघडता हळूच विचारलं, तुला खरंच हाका ऐकू आल्या नाहीत?
नाही म्हणालो.
आल्या होत्या. दोन्ही.
बाबांनी एक कोरी किल्ली आणि कानस माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, घास. संध्याकाळपर्यंत चार घासल्या. एक लागली.