रुसवा की रसायन?

न्हावरे, ता. शिरूर
माघ, सन २००४

प्रिय मित्र अयुब यास सर्जेरावाचा रामराम आणि सलाम, दोन्ही.

तुझे गुडघे काय म्हणतात? सुगराबी भाभींचा खोकला थांबला का? इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत म्हणून लिहितो. एरवी माझं डोकं इतकं तापलंय, की आमच्या हिनं, साखरबाईनं, त्यावर भाकरी टाकावी.

माझी नात अनिता. तिची सुपारी फोडायला तुझ्या दौंडचा सावळाराम चार पाहुणे घेऊन आमच्या दारात आला. (मुलगा त्याचा. रांजणगावला कंपनीत आहे, गुणी आहे आणि अनिताला मनापासून आवडलाय, म्हणून तर माझा जीव जळतो.) चहा झाला. मांडवात गारवा होता. मला आपल्या शाळेची चिंच आठवली. गुरुजी टेबलावर छडीनं ताल धरायचे आणि आपण निजेवरची कविता सुरात म्हणायचो, आठवतं? तिच्यात नीज म्हणजे मायेचा हात होता रे! त्या आठवणीत माझे डोळे मिटले. तेवढ्यात कुणी विचारलं, "आबा, पसंत हाय न्हवं?" आणि म्हणे मी गप्प. मान खाली, ओठ घट्ट. घोरलो असतो तरी अब्रू वाचली असती. पण श्वासच अडकला होता. तो सुटला तेव्हा माझ्या नाकातून असा "हुंऽऽ!" निघाला, की अख्ख्या मांडवानं तो तुच्छतेचा समजला.

सावळाराम उठलाच. "मुलीकडचा म्हातारा रुसतो? उलटी गंगा कुठली ही!" सुपारी ताटात अखंड राहिली. (हा गृहस्थ स्वतः पुतण्यांच्या लग्नांत मानपानासाठी जेवणावरून उठलेला!)

मग माझे चिरंजीव विक्रम मला शिरूरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, झोपेत श्वास थांबतो, म्हणून दिवसा डुलक्या येतात, पुण्याला तपासा. वर हौसेनं सांगितलं, की परदेशात काही रोग्यांच्या मेंदूत ठरावीक रसायनं कमी आढळली आणि त्यांचाच श्वास झोपेत जास्त अडकत होता. संबंध असू शकेल, खात्री नाही. खात्री नाही तर बोलावं कशाला? साठ वर्षं मी ज्याला काव्यवृत्ती म्हणत आलो, ती रसायनाची टंचाई? उद्या म्हणतील, चिंचेची आठवण हा तर पित्ताचा प्रकार!

आणि विक्रमचं शहाणपण बघ. दवाखान्यातून निघाला तो थेट सावळारामला फोन. "मामा, आबा रुसले न्हवते, त्यांच्या मेंदूतच कायतरी कमी हाय!" सावळाराम म्हणाला, "रुसवा काढता येतो वो. मेंदूचं कसं करायचं? घराण्यातच असंल तर?" झालं! अनिता माझ्यापुढं भाकरी ठेवते आणि पाठ फिरवून आत जाते. अयुब, तिचं हे पाठ फिरवणं मला सोसत नाही.

डॉक्टर, विक्रम, सावळाराम, सगळ्यांवर मी संतापलो आहे. कुणाचंही तोंड बघायची इच्छा नाही. भाभींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सर्जेराव

ता. क. : मी स्वतः सावळारामला फोन केला. म्हटलं, मेंदू ठणठणीत आहे. मला आधी फेटा बांधला नाही म्हणून रुसलो होतो. तो खूश! "आता कसं व्याह्यासारखं बोललात! रविवारी फेटा घिऊन येतो, रुसवा काढतो, सुपारी फोडतो."

आणखी एक : रविवारी तू यायचंसच. रुसायचं म्हणजे मान खाली, डोळे मिटलेले आणि तोंड बंद ठेवून बसायचं. त्या बैठकीत मला झोप लागणारच. तू शेजारी बस. घोरलो तर खोकत राहा. फेटा बांधताना चिमटा काढ, म्हणजे मी "पसंत" म्हणेन. आणि श्वासच थांबला तर लगेच ढोसून उठव. पण बाबा, माझ्या वतीनं "पसंत" आधी म्हण.