पार्श्वभूमीतील गोंगाट परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
ऑनलाइन शिक्षण विभाग,
विद्यापीठाची मुख्य इमारत.

विषय : भूशास्त्राच्या ध्वनिचित्रित पाठांतून काढलेला अर्जदाराच्या पत्नीचा आवाज सोमवारपूर्वी पूर्ववत करणेबाबत.

संदर्भ : 'विद्यार्थी ऑनलाइन पाठांकडे पुन्हा पुन्हा का येतात, आणि आपल्या भूशास्त्राच्याच पाठांकडे का येईनासे झाले?' असा खुलासा मागणारे आपले पत्र.

महोदय,

१. सदर अर्जदार हा भूशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आहे. त्याच्या वर्गात इतकी गाढ झोप लागे, की इतर विभागांचे विद्यार्थीही जागा धरून बसत. पुढे आपल्या विभागाने पाठ घरीच चित्रित करावयास सांगितले. घरात नेटवर्क फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीशी येते आणि स्वयंपाकघरात पत्नी असते. जे झाले ते एवढ्यावरून झाले.

२. पहिल्याच पाठात अर्जदार म्हणाला, "हा खडक पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा." मागून आवाज आला, "अहो, तुम्हाला कालचं जेवण आठवत नाही, हे बरं आठवतं!" तेव्हा खडकाचे वय कसे काढतात, हे अर्जदारास सविस्तर सांगणे भाग पडले. हा प्रश्न आजवर प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात होता. विचारला एकानेही नव्हता.

३. आपल्या विचारणेचे उत्तर इथेच आहे. पाठ थांबवता येतो, मागे नेता येतो, आणि मागे नेला की काकू (विद्यार्थी पत्नीस असेच म्हणतात) तोच प्रश्न तितक्याच ठसक्यात पुन्हा विचारतात. वर्गात विचारायची लाज वाटते. इथे ती काकूंच्या वाट्याला जाते, आणि काकूंना ती वाटत नाही.

४. विद्यार्थ्यांची रीघ लागली. "कळलं का रे सगळ्यांना?" असे तिने विचारताच वसतिगृहाच्या चारही मजल्यांवरून "हो काकू!" असा गजर होई व कबुतरे उडत. ज्वालामुखीच्या पाठात "पेंगताय ना? उठा, पाणी पिऊन या," असे ती म्हणते, तेवढ्याने वसतिगृहाची टाकी रिकामी होई. गळती शोधायला आलेला प्लंबर पाठ बघत बसला आणि परीक्षेचा अर्ज भरूनच गेला.

५. नंतर आपल्या तंत्रज्ञांनी पाठ 'स्वच्छ' केले. अहवालात नोंद आहे : 'पार्श्वभूमीतील गोंगाट दूर केला.' आता त्या पाठांत अर्जदार मध्येच मान वळवून भिंतीला "बरं बाई, पुन्हा सांगतो" म्हणतो, "रागावू नकोस" म्हणतो, आणि एकदा तर हात जोडतो. एका विद्यार्थिनीने लिहिले, "सर, घरी सोबतीला कोणी आहे ना?" दुसऱ्याने आपल्या डॉक्टर मामांचा पत्ता धाडला. बाकीचे निघून गेले.

६. येथवर विभागाचे नुकसान झाले. अर्जदाराचे त्याहून मोठे आहे. 'गोंगाट' हा शब्द पत्नीने वाचला आणि त्या दिवसापासून ती अर्जदाराचे बोलणे मध्येच तोडत नाही. लग्न झाल्यापासून अर्जदाराची वाक्ये प्रथमच पूर्ण होऊ लागली आहेत, आणि कुठे थांबावे हेच त्याला उमगत नाही. परवा तो चुनखडीवर बोलत राहिला. दूध उतू गेले, भांडे करपले, शेजारी धावत आले. ती शांतपणे भाजी चिरत होती.

७. धावून आलेल्या शेजाऱ्यांत समोरच्या दारातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. संधी साधून ते म्हणाले, "वहिनी, आमच्या पाठांना बसा. तुमच्या आवाजाला कुणी हात लावणार नाही." त्यावर पत्नी, अर्जदार तिथे धडधडीत उभा असताना, म्हणाली, "येते की! त्या गुरुत्वाकर्षणाबद्दल मला बरंच विचारायचंय." त्यांच्या स्वयंपाकघराला दोन खिडक्या आहेत. चित्रीकरण सोमवारी आहे.

८. तरी विनंती की, आवाज मूळ जागी बसवावा, 'गोंगाट' हा शब्द खोडून 'सहअध्यापिका' असे लिहावे, आणि ते पत्र आपण स्वतः घरी आणून तिच्या हातात द्यावे. ती आपणांस प्रश्न विचारील. तयारी करून यावे.

९. निर्णयास सोमवारहून उशीर झाल्यास उत्तर अर्जदाराच्या पत्त्यावर पाठवू नये. ते समोरच्या दारी द्यावे. अर्जदाराने भौतिकशास्त्राच्या त्या पाठांना विद्यार्थी म्हणून आजच नाव नोंदवले आहे.

आपला, नम्र आणि सध्या विनाव्यत्यय,
भूशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक
(सही)
दिनांक : शुक्रवार, कार्यालय उघडण्याआधी

सोबत : १) करपलेल्या भांड्याचे छायाचित्र. २) डॉक्टर मामांचा पत्ता, तंत्रज्ञांच्या उपयोगासाठी.